मुक्कामी ट्रेकसाठी बायकांची सॅक: आधी पाठ मोजा, लिटर नंतर

दुकानात सॅक बघायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, “किती लिटरची दाखवू?” त्याचं उत्तर देण्याआधी स्वतःची पाठ मोजलेली असायला हवी. सॅक महागाची असो, कापड उत्तम असो, तिची पाठ तुमच्या पाठीपेक्षा तीन बोटं लांब असली तर खिरेश्वरहून निघून टोलार खिंड येईपर्यंतच खांदे भरून येतात. मग हरिश्चंद्रगडावरचे दोन दिवस पट्टे ओढण्यात आणि सैल करण्यात जातात. एका दिवसाच्या ट्रेकला हे खपून जातं. रतनगड ते हरिश्चंद्रगडसारख्या रेंज ट्रेकला, म्हणजे डोंगररांगेवरून सलग काही दिवस चालायच्या ट्रेकला, किंवा हिमालयातल्या आठवडाभराच्या चालीला खपत नाही, कारण दुखऱ्या खांद्यांवर दुसऱ्या दिवशी सकाळी तेच ओझं पुन्हा चढवायचं असतं.

भरलेल्या सॅकचं वजन शरीरात कुठे उतरायला हवं, हे एकदा समजलं की निवड निम्मी सोपी होते. कंबरेच्या हाडांवर टेकलेलं ओझं थेट पायांत जातं आणि पायांचे स्नायू त्यासाठीच तयार असतात. सॅक नीट बसली असेल तर साधारण ७० ते ८० टक्के वजन कमरपट्टा पेलतो. खांदेपट्ट्यांकडे उरतं ते सॅक पाठीला धरून ठेवण्याचं काम. कमरपट्ट्याने आपलं काम सोडलं की सगळा भार खांद्यांच्या पातळ स्नायूंवर येतो, आणि बायकांच्या बाबतीत बहुतेक तक्रारी इथूनच सुरू होतात.

बायकांच्या सॅकमध्ये वेगळं काय असतं

तीन गोष्टी. सॅकची पाठ आखूड असते. खांदेपट्टे एकमेकांजवळ, कमी रुंद आणि इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखे वळणदार असतात, म्हणजे ते छातीवरून न जाता तिच्या बाजूने वळसा घालून काखेखाली जातात. आणि कमरपट्टा सरळ नसून थोडा तिरका शिवलेला असतो, कारण बायकांच्या शरीरात कंबरेकडून नितंबांकडे जाताना घेर वाढत जातो. सरळ पट्टा अशा शरीरावर बांधला की त्याची वरची कड उघडी राहते आणि खालची कड रुतते.

ऑस्प्रे, ड्यूटर, ग्रेगरी या कंपन्या बायकांच्या सॅक वेगळ्या बनवतात. ड्यूटरच्या अशा सॅकच्या नावात ‘एसएल’ ही अक्षरं असतात. डेकॅथलॉनकडेही बायकांच्या सॅक स्वतंत्र मिळतात. पण नुसता रंग बदलून ‘विमेन्स’ असं लिहिलेल्या सॅकही बाजारात असतात, म्हणून लेबलवर न जाता वरच्या तीन गोष्टी हाताने तपासा. उंच, रुंद खांद्यांच्या बाईला पुरुषांची सॅक चांगली बसू शकते आणि चणीने लहान पुरुषाला बायकांची. सॅक शरीराला बसते की नाही एवढाच निकष धरा.

पाठ कशी मोजायची

उंचीवरून पाठीचा अंदाज लावू नका. पाच फूट दोन इंच उंचीच्या दोघींमध्ये एकीचे पाय लांब आणि पाठ आखूड असते, दुसरीचं उलट. दोघींच्या मापात चार-पाच सेंटिमीटरचा फरक सहज निघतो आणि तेवढ्यात सॅकचा साइझ बदलतो.

मोजायला शिंप्याची टेप आणि एक मदतनीस लागते. अंगात पातळ टी-शर्ट असावा.

१. मान पुढे झुकवा. मानेच्या तळाशी सर्वांत वर आलेला मणका बोटाला लागतो. मदतनीसने तिथे पेनाची खूण करावी किंवा चिकटपट्टी लावावी. हा वरचा बिंदू.

२. आता सरळ उभ्या राहा. दोन्ही हात कंबरेवर असे ठेवा की बोटं पुढे आणि अंगठे मागे पाठीवर येतील. बोटांनी दाबत खाली आणा. बरगड्या संपल्यावर मऊ भाग लागतो आणि त्याखाली कंबरेच्या हाडाची कड लागते. त्या कडेवर हात टेकवा. दोन्ही अंगठ्यांना जोडणारी आडवी रेघ पाठीच्या कण्याला जिथे छेदते तो खालचा बिंदू.

३. वरच्या बिंदूपासून खालच्या बिंदूपर्यंत टेप पाठीच्या वळणावरून, चिकटवत आणा. ताणून सरळ धरू नका.

४. पुन्हा एकदा मोजा. दोन मापांत एका सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा मोजा. चूक बहुतेकदा खालच्या बिंदूची असते: पँटचा पट्टा बांधतो ती कंबर आणि ही हाडाची कड एकच धरली जाते.

माप ३६ ते ४० सेंमी आलं तर बहुतेक कंपन्यांच्या हिशेबात एक्स्ट्रा स्मॉल, ४० ते ४५ ला स्मॉल, ४५ ते ५० ला मीडियम, असा ढोबळ अंदाज धरता येतो. प्रत्येक कंपनीचा तक्ता मात्र वेगळा असतो, तेव्हा तिचाच तक्ता बघा. माप दोन साइझच्या सीमेवर आलं तर पाठ वरखाली करता येणारी सॅक घ्या. तिच्यात खांदेपट्ट्यांचा सांगाडा वेल्क्रोने किंवा खाचांच्या पट्टीवर सरकतो. वाढत्या वयाच्या मुलीसाठी तर हीच घ्यावी, नाहीतर दोन वर्षांत सॅक आखूड पडते.

‘फ्री साइझ’ सॅकबद्दल सावध राहायला हवं. स्वस्त सॅक बहुतेक एकाच मापाच्या असतात आणि ते माप पुरुषांच्या पाठीचं असतं. ३८ सेंमी पाठीच्या बाईने अशी सॅक घेतली की कमरपट्टा कंबरेवर टेकवला तर खांदेपट्टे खांद्यांपासून वर तरंगतात, आणि खांदेपट्टे आवळले तर कमरपट्टा नितंबांवर घसरतो. दोन्हीपैकी काहीही केलं तरी वजन खांद्यांवरच येतं. याला पट्ट्यांची कुठलीही जुळवाजुळव उपयोगी नाही.

कमरपट्टा

टेप कंबरेच्या हाडांच्या वरच्या कडेवरून सभोवार फिरवून घेर मोजा. जीन्सचा साइझ इथे चालत नाही.

पट्टा बांधल्यावर त्याचा जाड फोमचा भाग त्या हाडाच्या कडेवर मधोमध बसायला हवा: वरची कड हाडाच्या साधारण दोन ते तीन सेंमी वर, बाकीचा खाली. पुढे, ओटीपोटाच्या दोन्ही बाजूंना जी टोकदार हाडं हाताला लागतात, त्यांच्या पुढे फोम तीन-चार सेंमी तरी गेलेला असावा. फोम त्या हाडांवरच संपत असेल तर दुसऱ्या दिवशी तिथे काळंनिळं झालेलं दिसतं.

बकल लावून पट्टा पूर्ण आवळा. दोन्ही बाजूंच्या फोममध्ये पुढे सात ते पंधरा सेंमी अंतर उरलं पाहिजे. फोमची टोकं एकमेकांना भिडली तर पट्टा मोठा आहे. चालताना कपडे आणि पोट दबतं आणि पट्टा आणखी आवळायची वेळ येते, तेव्हा आवळायला जागाच उरत नाही. बारीक चणीच्या मुलींचा हा नेहमीचा अनुभव असतो आणि त्याला उपाय एकच, लहान पट्टा. काही सॅकमध्ये कमरपट्टा वेगळा काढून दुसऱ्या मापाचा लावता येतो किंवा फोम पुढेमागे सरकवता येतो. घेताना हे जरूर विचारा.

पट्ट्याखाली काय घालता तेही महत्त्वाचं. सलवारीच्या किंवा ट्रॅकपँटच्या नाडीची गाठ, चामडी पट्ट्याचं बकल, जीन्सचे जाड लूप, खिशातला मोबाइल: यातलं काहीही पट्ट्याखाली आलं की दोन तासांत सालटी निघतात. सपाट इलॅस्टिकची, बाजूला शिवण नसलेली ट्रेकपँट सर्वांत बरी. गाठ बांधावीच लागत असेल तर ती बेंबीच्या खाली, बकलच्या पट्ट्यांपासून दूर राहील अशी बांधा.

पाळीच्या दिवसांत पोट फुगतं आणि रोजच्या खुणेवर आवळलेला पट्टा बोचतो. अशा वेळी पट्टा पूर्ण सैल न सोडता बकल दोन-तीन सेंमी मोकळं करा आणि सॅकमधलं थोडं वजन गटात वाटून द्या. पॅड किंवा कप, कागदी साबण आणि छोटी बाटली सॅकच्या वरच्या झाकणातल्या खिशात ठेवा, म्हणजे झाडाआड जाताना सगळी सॅक उघडावी लागत नाही. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून दुहेरी झिपलॉकमध्ये, वर एक काळी पिशवी घालून, बाहेरच्या खिशात परत आणायचे. गडावर पुरले तर जनावरं उकरतात आणि पाण्याच्या टाक्याजवळची जागा घाण होते.

खांदेपट्टे आणि छातीचा पट्टा

आरशासमोर उभ्या राहून बघा. पट्टा मान आणि खांद्याचा सांधा यांच्या मधोमध असावा. मानेला घासत असेल तर पट्टे फार जवळ आहेत, सांध्याकडे घसरत असेल तर फार दूर. घसरणारे पट्टे आवरायला बायका छातीचा पट्टा घट्ट आवळतात. मग चढावर श्वास पुरत नाही, आणि कारण दम कमी असण्यात शोधलं जातं. दोष दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा असतो.

पट्टा छातीवर कुठेही दाबता कामा नये. सरळ शिवलेला पट्टा भरल्या छातीवरून गेला की दोन चुका एकदम होतात: दाबल्याने दुखतं, आणि पट्टा शरीरापासून उचलला गेल्याने खांद्यावर त्याची अरुंद कड रुतते. छातीचा पट्टा वरखाली सरकणारा असायलाच हवा. तो गळ्याच्या हाडाखाली दोन-तीन बोटांवर, म्हणजे छातीच्या उभाराच्या वर बसवा. आवळताना पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत.

आतल्या कपड्यांचा विचार सॅक घेतानाच करा. ब्राच्या पट्टीवरची धातूची किंवा प्लास्टिकची कडी खांदेपट्ट्याखाली आली की तिथे जखम होते. रुंद, कडी नसलेल्या पट्ट्यांची स्पोर्ट्स ब्रा घालूनच सॅक करून बघायला जा. केसांचंही तसंच. उंच बांधलेला अंबाडा सॅकच्या झाकणावर आपटतो आणि मान पुढे ढकलली जाते. मोकळी वेणी पट्ट्यात अडकते. खाली, मानेजवळ बांधलेले केस किंवा पुढे घेतलेली वेणी सोयीची.

चालताना हाताच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या तर दुर्लक्ष करू नका. गळ्याच्या हाडाखालून हाताकडे जाणारी नसांची जुडी पट्ट्याने दबते आहे असा त्याचा अर्थ. थांबा, सॅक उतरवा, मुंग्या गेल्यावर कमरपट्टा पुन्हा बसवून भार खाली आणा. तसंच तासन्‌तास चालत राहिलं तर हाताची ताकद कमी होण्यापर्यंत हे जाऊ शकतं.

आता लिटर, आणि त्याआधी किलो

सह्याद्रीत हिवाळ्यात एक-दोन मुक्काम, तंबू आणि शिधा गटात वाटलेला: ४० ते ४५ लिटर पुरतात. चार-पाच दिवसांची रेंज, सगळं सामान पाठीवर: ५० ते ५५. साठच्या पुढे जायचं ते आठवडाभर स्वतःचं सगळं वाहायचं असेल किंवा बर्फातली जाड स्लीपिंग बॅग न्यायची असेल तरच. हिमालयात खेचरावर किंवा पोर्टरकडे मोठं सामान देणार असाल तर पाठीवर २५ ते ३० लिटरची, पण खरा कमरपट्टा असलेली सॅक हवी, कारण पाणी, जाकीट, पोंचो आणि डबा मिळून तीही चार-पाच किलोची होते.

‘४५+१०’ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ मूळ ४५ लिटर आणि वरचं तोंड उंच केलं की आणखी दहा. ते दहा लिटर डोक्याच्या वर जातात. शिड्या आणि कातळटप्पे असलेल्या वाटांवर, रतनगडाच्या शिडीवर किंवा अलंग-मदनच्या वाटेला, उंच झालेली सॅक मान वर करू देत नाही आणि वरची पकड दिसत नाही. अशा ट्रेकला सॅक डोक्याच्या खालीच संपली पाहिजे.

मोठी सॅक घेऊन अर्धी रिकामी नेऊ, हा विचार चुकतो. रिकाम्या जागेत सामान खाली बसतं, पाठीपासून दूर जातं आणि सॅक मागे ओढते. शिवाय रिकामी जागा दिसली की ती भरलीच जाते.

वजनाची ढोबळ मर्यादा शरीराच्या वजनाच्या वीस टक्के. ५५ किलोच्या बाईला ११ किलो. हिवाळ्यातल्या दोन मुक्कामांचा हिशेब असा पडतो: सॅक १.६ किलो, स्लीपिंग बॅग १, कॅरीमॅट (अंथरायची फोमची चटई) ०.३५, तंबूचा वाटा १.२, कपडे १.२, जाकीट ०.३, शिध्याचा वाटा १.२, टॉर्च-औषधं-किरकोळ ०.५, ताट-मग ०.२५ आणि तीन लिटर पाणी ३ किलो. बेरीज १०.६. जेमतेम बसलं.

पण ४८ किलोच्या मुलीची मर्यादा ९.६ आहे आणि तिची स्लीपिंग बॅग, पाणी, कॅरीमॅट तेवढ्याच वजनाचं आहे. बारीक चणीच्या बाईवर ओझ्याचा भार नेहमी जास्त पडतो तो असा. म्हणून सामाईक सामान, तंबू, भांडी, तांदूळ-डाळ, डोकी मोजून सारखं वाटू नये, ज्याच्या-तिच्या वजनाच्या प्रमाणात वाटावं. यात कोणाची मेहेरबानी नाही. एकीचा गुडघा दुखला तर सगळा गट थांबतो. आणि सॅकचं स्वतःचं वजनही इथेच मोजा. अडीच किलोची मजबूत सॅक आणि दीड किलोची सॅक यांतला फरक एक लिटर पाण्याएवढा आहे.

सांगाडा, पाठ, कापड

आठ-नऊ किलोच्या वर ओझं जाणार असेल तर आत सांगाडा हवाच: ॲल्युमिनियमची पट्टी, तारेची चौकट किंवा जाड प्लास्टिकचा पत्रा. सांगाडा नसेल तर कमरपट्टा कितीही जाड असला तरी वजन त्याच्यापर्यंत पोचत नाही, सॅक मधेच मुडपते. तपासायला सोपं आहे. रिकामी सॅक जमिनीवर उभी धरा आणि वरून खांदेपट्ट्यांच्या मुळाशी हाताने दाबा. पाठ घडी पडल्यासारखी वाकली तर ती मुक्कामी ट्रेकची सॅक नाही.

पाठीचे दोन प्रकार दिसतात. एकात ताणलेली जाळी असते आणि सॅक पाठीपासून सुटी राहते, हवा खेळते. दुसऱ्यात फोमच्या गाद्या असतात आणि सॅक पाठीला चिकटून बसते. मार्च-एप्रिलच्या उकाड्यात जाळीचा मोह होतो, पण ती सगळं ओझं काही सेंटिमीटर मागे ढकलते. मळलेल्या वाटेवर त्याने बिघडत नाही. अरुंद आडव्या वाटेवर, घळीत किंवा कातळावर मात्र मागे ओढलेलं ओझं तोल घालवतं. मुख्यतः सह्याद्रीत फिरणारीने मधे हवेची चर असलेली फोमची पाठ घ्यावी, असं आमचं मत आहे. पाठ घामाने भिजेल, पण सॅक अंगाबरोबर हलेल.

कापड २१० डेनियर (हे धाग्याच्या जाडीचं माप) किंवा त्याहून जाड नायलॉन असलं तर करवंदीच्या जाळ्यांतून आणि कातळावर घासूनही टिकतं. तळ त्याहून जाड हवा. बाजूच्या खिशातली बाटली सॅक न काढता काढता येते का आणि, त्याहून महत्त्वाचं, परत घालता येते का, हे बघा. आखूड हातांना मागे झुकलेला खिसा पोचत नाही. पुढे उतरता कापलेला खिसा शोधा. खालून उघडणारी चेन असली तर स्लीपिंग बॅग काढायला सगळं उपसावं लागत नाही.

दुकानात अर्धा तास

रिकामी सॅक घालून बघणं निरुपयोगी आहे. रिकामी असताना कुठलीही सॅक बरीच वाटते. दुकानात वजनाच्या पिशव्या असतील तर आठ ते दहा किलो भरायला सांगा. नसतील तर पाण्याच्या बाटल्या मागा किंवा दुकानातल्याच दोऱ्या-तंबू भरा. मग हा क्रम:

सगळे पट्टे सैल करा. सॅक आधी मांडीवर घ्या, वरच्या छोट्या हँडलला धरून, मग एक हात पट्ट्यात घाला आणि वळत पाठीवर घ्या. एका खांदेपट्ट्याला धरून उचलू नका, शिवण तिथेच उसवते आणि खांदाही लचकतो.

किंचित पुढे वाका, खांदे उचला, कमरपट्टा हाडाच्या कडेवर आणा आणि आवळा. खांदे सोडा. या क्षणी जवळजवळ सगळं वजन कंबरेवर जाणवलं पाहिजे.

खांदेपट्टे खाली-मागे ओढा, पट्टे खांद्याला लागेपर्यंतच. मदतनीसला बाजूने बघायला सांगा. पट्टा खांद्याला सगळीकडे चिकटलेला असावा आणि तो सॅकला जोडलेली जागा खांद्याच्या माथ्यापेक्षा तीन ते पाच सेंमी खाली, पाठीमागे असावी.

खांद्यावरून सॅकच्या माथ्याकडे जाणारे छोटे पट्टे, लोड लिफ्टर, हलके ओढा. त्यांचा कोन साधारण ४५ अंशांचा हवा. ३० ते ६० चालतो. ते आडवे सपाट झाले असतील किंवा खाली उतरत असतील तर सॅकची पाठ मापात नाही. त्यांना जोरात ओढून सॅक वर उचलायचा प्रयत्न करू नका. त्याने खांद्याच्या पुढच्या भागावर ओझं येतं.

शेवटी छातीचा पट्टा.

मग वीस मिनिटं चाला. जिना चढा-उतरा. उकिडवं बसा, बुटाची नाडी बांधा, दोन्ही हात डोक्यावर नेऊन काल्पनिक कातळाची पकड घ्या. मान मागे टाकून छताकडे बघा, डोकं सॅकला आपटता कामा नये. पहिली पाच मिनिटं फसवी असतात. दुखायला लागतं ते दहा मिनिटांनंतर.

ऑनलाइन मागवली तर लेबल न काढता घरात हेच करा. पाच किलो तांदूळ, दोन किलो तूरडाळ आणि दोन लिटरच्या बाटल्या, मधली जागा चादरींनी भरून. परत करायची मुदत संपण्याआधी दोन दिवस रोज तासभर घरात, इमारतीच्या जिन्यावर घालून फिरा. पहिलाच मुक्कामी ट्रेक असेल तर सॅक भाड्याने घेणं शहाणपणाचं. पुण्या-मुंबईत ट्रेकचं सामान भाड्याने मिळतं. दोन वेगवेगळ्या सॅक दोन ट्रेकला वापरून पाहिल्या की विकत घेताना काय मागायचं ते कळतं.

भरणं

चांगली सॅक वाईट भरली की वाईट सॅकसारखीच वागते. तळाशी स्लीपिंग बॅग आणि रात्रीचे कपडे. त्यावर, मधल्या भागात, पाठीला अगदी चिकटून जड वस्तू: शिधा, स्टोव्ह, जादा पाणी, तंबू. जडपणाची उंची खांद्यांच्या पात्यांदरम्यान येईल असं बघा. कातळटप्प्यांच्या वाटेला ती थोडी खाली आणा, तोल सोपा जातो. जड वस्तूंच्या बाहेरच्या बाजूला कपडे भरा. वर जाकीट, डबा, औषधं. झाकणात टॉर्च, पाळीचं सामान, खाऊ.

डावी-उजवी बाजू समान हवी. एका बाजूच्या खिशात भरलेली लिटरची बाटली आणि दुसऱ्या बाजूला रिकामा खिसा, एवढ्यानेही संध्याकाळपर्यंत एक कंबर जास्त दुखते. बाहेर लोंबणारे मग, चपला, ओला टॉवेल करवंदीत अडकतात. सगळं भरल्यावर बाजूचे पट्टे आवळून सॅक चपटी करा.

वाटेत दुखलं तर

खांद्याचा माथा दुखतोय: कमरपट्टा घसरला आहे. खांदेपट्टे सैल सोडा, कमरपट्टा पुन्हा बसवा, मग वरचे पट्टे. हा क्रम उलटा केला तर काही होत नाही. सॅक सारखी मागे ओढते: जड सामान बाहेरच्या बाजूला गेलं आहे किंवा लोड लिफ्टर सैल आहेत. कंबरेचा खालचा भाग दुखतोय: जड वस्तू तळाशी बसल्या आहेत, किंवा पट्टा हाडाच्या वर, पोटावर बांधला आहे. पट्टा दर अर्ध्या तासाने खाली सरकतो: बहुतेकदा गुळगुळीत टी-शर्ट कारण असतो, तो पँटमध्ये खोचून बघा. तरीही सरकला तर पट्टा मोठा आहे.

लांब चढावर छातीचा पट्टा सैल करा. उतारावर लोड लिफ्टर आणि कमरपट्ट्याच्या बाजूचे छोटे पट्टे थोडे आवळा, म्हणजे सॅक डुलत नाही. पावसाळ्यात ओढा ओलांडताना कमरेचं आणि छातीचं बकल काढून ठेवा. पाय घसरून पाण्यात पडलात तर सॅक क्षणात सोडता आली पाहिजे.

पाऊस

पन्हाळगड ते पावनखिंड जुलैत चालायची तयारी असेल तर एवढं लक्षात घ्या: रेनकव्हर सॅकच्या पाठीकडची बाजू झाकत नाही. पोंचोखालून, मानेवरून उतरणारं पाणी पाठीच्या फोममधून आत जातं आणि कव्हरच्या तळाशीही साचतं. खरं संरक्षण आतलं. जाड प्लास्टिकची मोठी पिशवी सॅकच्या आत अस्तरासारखी घाला, सगळं सामान तिच्यात भरा, हवा काढून तोंड पिळून दुमडा. स्लीपिंग बॅग आणि कोरडा जोड याशिवाय वेगळ्या पिशवीत. कव्हर चिखल आणि काट्यांसाठी ठेवा. सोसाट्याच्या वाऱ्यात त्याची दोरी सॅकला बांधलेली असू द्या, नाहीतर ते दरीत जातं.

घरी आल्यावर सॅक पूर्ण रिकामी करा, झटका, कोमट पाणी आणि सौम्य साबणाने हाताने धुवा. मशीनमध्ये टाकली तर आतला लेप सुटतो. घामाचं मीठ पट्ट्यांवर राहिलं की पुढच्या वेळी कातडी सोलते, म्हणून कमरपट्टा आणि खांदेपट्टे जास्त वेळ चोळा. सावलीत, सगळे खिसे उघडे टाकून, उलटी टांगून वाळवा. पावसाळ्यात याला दोन-तीन दिवस लागतात. दमट हवेत ओलसर सॅक माळ्यावर टाकली की बुरशी धरते आणि आतला लेप चिकट होऊन सोलपटू लागतो. चेन जुन्या दातांच्या ब्रशने साफ करून त्यावर मेणबत्ती फिरवा. सगळी बकलं उघडी, पट्टे सैल, आणि सॅक खुंटीला टांगलेली.